धोंड्याच्या ताटातलं थायलंड

नायगावातल्या जुन्या बायांना आजही विचारून बघा. त्या सांगतील की खताच्या दुकानवाल्या वैनी विमानात बसून थायलंडला गेल्या होत्या आणि गरम पाण्याच्या धबधब्याखाली लुगड्यासकट बसून आल्या. त्या पाण्याला कसा गंधकाचा वास येतो, तिथलं हिरवं तळं कसं तळापर्यंत दिसतं, समुद्रातून डोंगर कसे उभेच्या उभे वर येतात, हे सगळं त्या हातवारे करून सांगतील, कारण आमच्या मायनं त्यांना ते सांगितलेलं आहे. माय तिकडं गेलीच नव्हती. ती त्या आठवड्यात देगलूरजवळ तिच्या माहेरी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिच्या शेजारी होते. हे खोटं आमच्या घरात कसं शिरलं ते मला एकदा मांडायचं आहे. आता माझी चाळिशी उलटली, पोरं मोठी झाली, पण त्या वर्षाचा राग काही म्हातारा होत नाही.

आमचं दुकान रस्त्याच्या कडेला आणि घर दुकानाच्या मागं. मधे एक पडदा, म्हणजे युरियाची पोती उसवून शिवलेला. सकाळी शटर वर गेल्याचा आवाज झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा, आणि औषधांचा तो उग्र वास तर इतका अंगात मुरलेला की माझ्या वह्यांनाही यायचा. शाळेतल्या पोरी मला फवारणी म्हणून चिडवायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोड बोलणारे, गाव जोडणारे, पांढऱ्या पायजम्याला कधी डाग न पडू देणारे. ते नांदेडला माल आणायला, कंपनीच्या बैठकीला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला. मग दुकानात बसायचं कोण? माय. चुलीवर येसराची आमटी ठेवायची, पदराला हात पुसायचे आणि पडद्याच्या बाहेर येऊन बसायचं. बाया पदरात कपाशीचं नाही तर सोयाबीनचं किडकं पान बांधून आणायच्या. त्यांना अण्णांपुढं बोलायला लाज वाटायची, मायपुढं त्या घरचं रडगाणं, सासूचं गाऱ्हाणं आणि पानावरची कीड एका दमात सांगून मोकळ्या व्हायच्या. माय त्यांना आधी सुशीला खायला द्यायची. चुरमुऱ्यांचा तो तिखट सुशीला खाल्ल्यावर कोण दुसऱ्या दुकानात जाईल?

एका वर्षी कंपनीनं योजना काढली. ठरवून दिलेला माल जो दुकानदार खपवील त्याला थायलंडची सहल, आणि एकट्याला नाही, जोडीनं. आमच्याकडं आजही हीच रीत आहे. औषधांच्या नि बियाणांच्या कंपन्यांनी मराठवाड्यातले जितके दुकानदार समुद्रापार नेले तितके कुणी नेले नसतील. ज्या माणसानं कधी गोव्याचं तोंड पाहिलं नाही तो बँकॉकच्या विमानतळावर टोपी घालून उभा राहतो. अण्णांनी त्या सहलीचं रंगीत पुस्तक आणून मायच्या हातात दिलं आणि म्हणाले, हा माल तू खपवायचा, मग आपण दोघं जाऊ. मायनं पुस्तक उघडलं आणि तिथंच फसली.

क्राबी नावाचा प्रांत होता तो. पुस्तक इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून अण्णा मला म्याडम म्हणायचे. दिवे लागले की माय भाकरी थापायची आणि म्हणायची, वाच गं पुढचं. मी वाचायची. तिथं जंगलात गरम पाण्याचा ओढा आहे, तो दगडाच्या पायऱ्यांवरून खाली पडतो, दगडांत आपोआप न्हाणीसारखे खड्डे झालेत आणि त्यात माणसं गळ्यापर्यंत बसतात. माय थापता थापता थांबायची. उनकेश्वरला गरम पाण्याचं कुंड आहे हे तिला ठाऊक होतं, पण गरम पाणी वरून पडतं म्हणजे काय, ते पडेपर्यंत गार होत नाही का, खाली बसलेल्याला भाजत नाही का? मला कुठं ठाऊक असायला. मी आपली ठोकून द्यायची. मग हिरवं तळं यायचं. माय म्हणायची, विष्णुपुरीचं पाणीबी हिरवंच दिसतंय की धरणावरून. मी म्हणायची, अगं ते शेवाळाचं हिरवं, हे पाचूचं. पाचू म्हणजे काय हे आम्हा दोघींनाही धड माहीत नव्हतं. समुद्रातल्या डोंगरांच्या पानावर तर ती पिठाचं बोट ठेवायची आणि तो डाग अजून तिथं असेल. खरं सांगते, आमच्याच जिल्ह्यातलं सहस्रकुंड तिनं पाहिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तिनं नायगाव, देगलूर आणि नांदेडचा दवाखाना एवढंच जग पाहिलं होतं.

आणि माल तिनं खपवला. पावसाळाभर खपली बाई. अण्णा रोज कौतुक करायचे. बाजारात चहाच्या टपरीवर बसून ते सगळ्यांना सांगायचे की बायकोला विमानात बसवणारा नायगावातला पहिला गडी मीच. लोक हसायचे, पण मनातून मानायचे. गयाबाई म्हणून एक शेतकरीण होती, मायची लाडकी. ती तर दर बाजाराला विचारायची, वैनी, कवा उडून राहिल्या? दोघांची पासपोर्टाचे फोटो काढायची वारी झाली, फोटोत मायचे डोळे मिटलेले आले म्हणून दुसऱ्यांदा काढायला गेलो, आणि एके दिवशी दोन्ही पासपोर्ट घरी आले. मायनं ते देवापुढं ठेवले.

आता दाजींची गोष्ट सांगायला हवी. माझ्या आत्याचे यजमान, अहमदपूरला असायचे. सगळेच त्यांना दाजी म्हणायचे. आमच्या दुकानाच्या उद्घाटनाला फीत त्यांच्या हातून कापून घ्यायच्याऐवजी अण्णांनी कंपनीच्या साहेबांच्या हातून कापून घेतली, आणि दाजी जे रुसले ते रुसलेच. घरचा जावई उभा असताना परक्याच्या हातात कातर? तेव्हापासून त्यांनी आमच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. सणावाराला आत्या एकटीच यायची आणि निघताना रडायची. तिकडं तिला किती ऐकून घ्यावं लागायचं ते ती कधी सांगायची नाही, पण अण्णांना ते टोचायचं. बहिणीवर त्यांचा फार जीव. आजोबा नव्हते, म्हणजे जावयाचा मान राखायची जबाबदारी अण्णांवरच. जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते काही उगं नाही.

ते वर्ष नेमकं धोंड्याचं निघालं. अधिक महिना, जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं, त्याच्यात नारायण बघायचा. अण्णा स्वतः अहमदपूरला जाऊन आले आणि काय जादू केली कोण जाणे, दाजी यायला तयार झाले. मायला कोण आनंद! नणंदेचा संसार मार्गी लागतोय म्हणून तिनं दोन दिवस आधीपासून घर सारवायला घेतलं. पुरण वाटलं, कणकेच्या पारीत भरून धोंडे केले, काही उकडले, काही तुपात तळले. तेहतीस अनारसे. चांदीचं ताट तिच्या माहेरचं होतं, ते चिंचेनं घासून लख्ख केलं. दाजी आले, कडक इस्त्रीचा सफारी घालून, तोंडावर अजून थोडा रुसवा ठेवून. पाटावर बसले. माय ताट घेऊन निघाली तेव्हा अण्णांनी तिला थांबवलं आणि धोंड्यांच्या खाली एक पाकीट सरकवलं. मायला वाटलं, काही आहेर असेल. तिनं विचारलं नाही. ताटात दिवा लावला, ते दाजींच्या पुढं ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. दाजींनी पाकिटात डोकावून पाहिलं आणि इतक्या वर्षांनी आमच्या घरात हसले. पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यायले. आत्यानं पदर तोंडाला लावला. मला तर वाटलं, आपल्या अण्णांसारखा माणूस जगात नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी मला दुकानात बोलावलं. माय नळावर गेली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की कंपनीनं नियम बदलला, बायकांना नेत नाहीत, फक्त पुरुष. तिकडची जागा वाया जाऊ नये म्हणून दाजींना नेतो, त्यांचा पासपोर्ट आहेच, कधीकाळी दुबईला जायचं म्हणून काढलेला. मग म्हणाले, "आईला तू सांग म्याडम. तुझ्या तोंडून तिला कमी वाईट वाटंल."

मी सांगितलं. मला वाटलं, अण्णांनी आपल्याला मोठं समजून हे काम दिलं. माय हंडा उतरवत होती. तिनं ऐकलं, हंडा जागेवर ठेवला आणि इतकंच म्हणाली की कंपनीचंच खोटं, त्याला हे काय करतील. उलट अण्णांनाच वाईट वाटलं असेल म्हणून तिनं त्या रात्री त्यांच्या आवडीचं उडदाचं घुटं केलं. प्रवासाला शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून दिल्या, दाजींच्या वाटच्यासुद्धा. आणि ते निघाले त्या दिवशी ती मला घेऊन माहेरी गेली, कारण साऱ्या नायगावला सांगून ठेवलेलं आणि आता दुकानात बसून कुणाकुणाला तोंड द्यायचं?

आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. अण्णा गल्ल्यावर, माय पोत्यावर बसलेली. गयाबाई आली आणि दारातूनच म्हणाली, झाली का वैनी जत्रा? माय काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "झाली की. पाय बुडवून आल्या गरम पाण्यात." मायनं त्यांच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. अण्णा वजनकाट्यावरची धूळ पुसत होते. टपरीवर एवढ्या गप्पा हाणलेल्या, आता बायको गेली नाही म्हणायचं कसं? आणि मायनं काय केलं माहीत आहे? तिनं नवऱ्याचं तोंड राखलं. गयाबाईनं किती गरम हो पाणी विचारलं, तर माय म्हणाली, न्हाणीतल्या पाण्याएवढं, सोसवंल असं. मग एकेक बाई जमत गेली आणि माय सांगत गेली. सगळं पुस्तकातलं, मी वाचून दाखवलेलं, आणि मी ठोकून दिलेलं सुद्धा. बाया तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. शप्पथ सांगते, ऐकता ऐकता मलाही ते तळं दिसायला लागलं होतं. अण्णा मधेच हो ना, हो ना करत होते.

याच्यानंतर महिनाभरानं कंपनीनं नांदेडला जेवण ठेवलं. विष्णुपुरीच्या वाटेवर एक हॉल होता, तिथं. सहलीला जाऊन आलेले दुकानदार आणि त्यांची घरची माणसं. अण्णा एकटेच जाणार होते, पण मायनं हट्ट धरला. तिला नुसतं बघायचं होतं, सहलीचं शूटिंग पडद्यावर दाखवणार होते म्हणून. अण्णांनी नाना कारणं सांगितली, गर्दी आहे, जीप भरलेली आहे, म्याडमची शाळा आहे. शेवटी जीपवाला आमच्याच गल्लीतला निघाला आणि तो म्हणाला, चला की वैनी, जागा हाय. अण्णा वाटभर बाहेर तोंड करून बसले. मला वाटलं त्यांना गाडी लागली.

हॉलमधे खिडक्यांना चादरी बांधून अंधार केलेला. पडदा उजळला आणि पहिल्यांदा समुद्र आला. माय खुर्चीच्या कडेला सरकून बसली. तिनं माझा हात धरला आणि पुटपुटली, आता डोंगर यील बघ. डोंगर आले. पुस्तकातल्यासारखेच, उभेच्या उभे. मग बोट दिसली, आणि बोटीत बाया होत्या. साड्यांवर नारिंगी जाकिटं घातलेल्या, केस उडतायत, एकमेकींना धरून हसतायत. एक, दोन, पाच, सगळी बोट भरून. मला वाटलं तिथल्याच कुणी असतील, मग मी एकीच्या गळ्यात मंगळसूत्र पाहिलं. मायचा हात माझ्या हातात होता, तो गार पडत गेला. पुढं तो धबधबा आला. दगडातल्या खड्ड्यांत जोड्याजोड्यानं माणसं बसलेली, बाया पदर खोचून, आणि त्यांच्या मधोमध दाजी, अर्ध्या चड्डीत, हातात शहाळं घेऊन. शूटिंगवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं असणार. दाजी ओरडून म्हणाले, "आमच्या मेहुण्यानं धोंड्याच्या वाणात थायलंड दिलं! हाय का असा मेहुणा कुणाला?"

सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. आमच्या शेजारी देगलूरच्या दुकानदाराची बायको बसली होती, भली बाई, तिच्या मनात काही नव्हतं. ती मायकडं वाकून म्हणाली, "वैनी, तुम्ही यायला पायजे होतं. तुमच्या मालकानं सांगितलं, विमानाचं लई भ्या वाटतंय म्हणून तुम्हीच नको म्हणाल्या." माय म्हणाली, "हाव, भ्या वाटतंय." एवढंच. तिथंही तिनं त्यांचं तोंड राखलं. मी अण्णांना शोधलं. ते मागं दाराजवळ उभे होते, आणि आमच्या बाजूला बघत नव्हते.

त्यांच्यावर माझा किती विश्वास होता हे मला त्या अंधारात तो गेला तेव्हाच कळलं. कंपनीनं काही नियम बदलला नव्हता. बायकांना नेत होते, बोट भरून नेत होते. आणि ते खोटं मायपर्यंत नेऊन पोचवायला त्यांनी मला वापरलं होतं, डोक्यावर हात ठेवून. आपल्याच माणसानं केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. बहिणीसाठी केलं, मान्य आहे. आत्याचा संसार खरंच सुधारला, तेही मान्य. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तसं त्यांनी दुसरीच्या जिवावर दान करून टाकलं आणि पुण्य आपल्या नावावर घेतलं. आधी तिला विचारून मग द्यायचं होतं. माय नाही म्हणाली नसती. आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की ती खरंच नाही म्हणाली नसती.

घरी आल्यावर माय भांडली नाही. तिनं भाकरी टाकल्या, आम्हाला वाढलं. अण्णाच शेवटी बोलायला लागले. जावयाचा मान होता, ताईचं रडणं बघवत नव्हतं, तुला पुढच्या खेपेला नेतो. माय ताटं उचलत राहिली. मग ते वैतागून म्हणाले, "आता तुझं काय एवढं? तो जावई हाय. तू तर घरचीच हाईस." मायनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती मला म्हणाली, "माझ्या हातानं वाढलं गं मी ते ताट. वर नमस्कारबी केला." मग ती दुकानात गेली आणि ते रंगीत पुस्तक पोत्यांच्या मागं टाकून आली. त्यानंतर तिनं मला कधी काही वाचून दाखव म्हटलं नाही.

पुढची खेप आली नाही. मी अकरावीला लातूरला गेले, खोली करून राहिले, शिकवण्या केल्या, आता तिथंच एका क्लासमधे रसायनशास्त्र शिकवते. लग्नही लातूरच्याच माणसाशी केलं. पण अण्णांनी सांगितलेली साधी गोष्ट, अगदी बस किती वाजता आहे ही सुद्धा, मी दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घेते. त्यांच्या ते लक्षात आलेलं आहे. दोनदा मी मायला म्हटलं, चल, मी नेते तुला क्राबीला. तर म्हणाली, गावाला काय सांगू, दुसऱ्यांदा चालले म्हणून? आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

गंमत म्हणावी की काय, अण्णांचं वय झालं तसं ते खोटं त्यांच्याच डोक्यात खरं होऊन बसलं. नातवंडांना सांगतात, मी आणि तुझी आज्जी गरम धबधब्यात बसलो होतो, आज्जी घाबरली होती, मी हात धरला. माय आतून ऐकत असते. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला तसं अण्णांनी आम्हाला बोलावलं. आता जावई म्हणजे माझा नवरा. गुडघे दुखत असताना मायनं पुरण वाटलं, मी तळणीपाशी बसले. बाहेर माझा नवरा पाटावर बसलेला आणि अण्णा त्याला थायलंड सांगत होते. त्यानं ते दहादा ऐकलेलं, तरी बिचारा मान हलवत होता. माय ताट घेऊन बाहेर आली, तेच माहेरचं चांदीचं ताट. अण्णांनी पाकीट काढलं, धोंड्यांच्या खाली सरकवलं, आणि भरात येऊन तिला म्हणाले, "काय गं, सांग ह्यांना, किती गरम होतं पाणी?"

माय ताट हातात घेऊन उभी राहिली. "मला काय ठाव," ती म्हणाली. "मी न्हवते गेले. माझी जागा मी ह्याच ताटात घालून दाजींना वाढली होती."

माझा नवरा माझ्याकडं बघायला लागला. त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. मायनं ताट खाली ठेवलं, काडीपेटी घेतली आणि काडी न ओढता तशीच थांबली.

"त्या पाकिटात काय हाय ते सांगा," ती म्हणाली. "मगच दिवा लावते."

अण्णांनी पाकीट ताटातून उचललं. त्यांनी ते उघडलं आणि आतल्या आहेराच्या नोटा तिला दाखवल्या. मायनं वाकून नीट पाहिलं, आणि मग काडी ओढली.